दीड मीटरवरून किल्ला दिसत नाही

कणकुंबीच्या पोरांनी गेल्या दिवाळीत केलेल्या किल्ल्याचा फोटो एका स्पर्धेत बाद झाला. शेऱ्यात तीन वाक्यं होती. महादरवाजा दिसत नाही. किल्ला आहे त्यापेक्षा मोठा भासवला आहे. असे फोटो दिशाभूल करतात, तेव्हा पुढच्या वर्षी साधा, उभं राहून, वरून पूर्ण किल्ला दिसेल असा फोटो पाठवावा.

स्पर्धा कुठली आणि शेरा कुणाचा, हे मी लिहिणार नाही. ते मत एकट्या त्या परीक्षकांचं नाहीच. बेळगावात, निपाणीत, कोल्हापुरात दिवाळीचे किल्ले बघत हिंडताना हेच मत मी गल्लोगल्ली ऐकलं आहे. खेळण्यांचे फोटो काढायचं काही तंत्र असतं आणि ते तंत्र वापरणं म्हणजे लबाडी, अशी एक समजूत मुरून बसली आहे. माझं उत्तर त्या समजुतीला आहे.

आधी तो किल्ला कसा होता ते सांगतो. कणकुंबी हे खानापूर तालुक्यातलं, चोर्ला घाटाच्या तोंडाशी वसलेलं गाव. माउलीचं देऊळ आणि मलप्रभेचा उगम यांसाठी लोक त्याला ओळखतात. इथली माती तांबडी आणि दगड जांभा. आमच्या अंगणाच्या कडेला, फणसाखाली, पोरांनी चार फूट लांब आणि अडीच फूट उंच किल्ला रचला. आत विटांचे तुकडे आणि चिऱ्याच्या कपच्या, त्यावर भिजवलेलं पोतं, पोत्यावर चिखल. उतारावर अळीव टाकले होते, ते पाचव्या दिवशी हिरवेगार उगवून आले. बाजारातून आणलेली मातीची चित्रं होती, म्हणजे पाच सेंटीमीटरचे मावळे आणि त्यांच्या तिप्पट उंचीचे सिंहासनावर बसलेले महाराज. एका भाच्यानं शहरातून आणलेल्या डब्यात लेगोच्या विटा होत्या. त्यांची सदर उभी राहिली आणि तिच्या दारात लेगोचे दोन पिवळ्या तोंडाचे बाहुले पहारेकरी म्हणून ठेवले गेले.

फोटो काढला सातवीतल्या एका मुलीनं, आईच्या फोनवर. ती पायवाटेच्या तोंडाशी पोटावर आडवी झाली. फोन तिनं उलटा धरला, कारण लेन्स फोनच्या वरच्या टोकाला असते आणि फोन उलटा केल्याशिवाय ती जमिनीला टेकत नाही. फोटोत वाट वळण घेत वर जाते, एकामागे एक दोन बुरूज येतात, पुढे भाल्याला टेकलेला एक मावळा आहे आणि त्याच्या मागे, धुक्यात अर्धी बुडालेली, चोर्ल्याच्या बाजूची खरी डोंगररांग. दरवाजा मात्र कुठंच नाही.

दरवाजा दिसत नाही हे खरं आहे. तो दिसू नये म्हणूनच तसा बांधला होता. पोरांनी रायगडाचा महादरवाजा पाहून आलेल्या एका दादाकडून गोमुखी बांधणी समजून घेतली होती. दरवाजा दोन बुरुजांच्या कवेत घ्यायचा, वाट बुरुजाला वळसा घालून आत न्यायची, म्हणजे खालून येणाऱ्या शत्रूला दरवाजा कुठं आहे ते कळत नाही, त्याच्यावर थेट तोफ डागता येत नाही, आणि तो वळणात शिरला की दोन्हीकडच्या बुरुजांवरून त्याच्यावर मारा होतो. शिवकाळातल्या दुर्गबांधणीतली ही फार मोठी गोष्ट आहे. ती कळल्याचा पुरावा वरून काढलेल्या फोटोत मिळत नाही. वरून सगळंच दिसतं, दरवाजाही आणि त्याला लपवणारे बुरूजही, त्यामुळे लपवणं हे काम झालं की नाही ते कळायला मार्ग उरत नाही. तो पुरावा फक्त खालून, वाटेवर उभ्या असलेल्याच्या डोळ्यानं मिळतो. मी त्या मुलीला विचारलं होतं, दरवाजा का गं आला नाही? ती म्हणाली, “त्यो खाली उभा हाय न्हवं काका, त्याला दरवाजा कुठनं दिसतोय?” दुर्गशास्त्राच्या परीक्षेत या उत्तराला पूर्ण गुण द्यावे लागतील. इथं त्याबद्दल फोटो बाद झाला.

आता ‘मोठा भासवला’ या आरोपाकडे येतो. त्यासाठी साधा हिशोब पुरतो. पाच सेंटीमीटरचा मावळा म्हणजे साडेपाच फुटी माणूस धरला, तर प्रमाण एकास तेहतीसच्या आसपास येतं. उभं राहून फोन छातीसमोर धरला की लेन्स जमिनीपासून साधारण दीड मीटरवर असते. दीड मीटर गुणिले तेहतीस म्हणजे जवळपास पन्नास मीटर. म्हणजे ज्याला आपण ‘साधा’ फोटो म्हणतो, तो मावळ्याच्या जगात पन्नास मीटर उंचीवरून काढलेला असतो. त्या उंचीवर शिवकाळात घार होती, माणूस नव्हता. मुलीनं लेन्स साडेचार सेंटीमीटरवर नेली, म्हणजे माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर आणली. किल्ला कुणी मोठा केला नाही. तो ज्या मापात बांधला होता, त्या मापात पाहिला, इतकंच.

आणि पोरं किल्ला बांधतात ती कुठून? चार दिवस त्यांच्याकडे नीट बघा. ती उकिडवी बसतात, गाल मातीला टेकवतात, एक डोळा मिटून तटाच्या फटीतून पलीकडे पाहतात, आणि मावळा जरा डावीकडे सरकवतात. तो मावळा वरून पाहणाऱ्यासाठी सरकवलेला नसतो. उभ्यानं काढलेला फोटो हा पाहुण्याचा फोटो असतो, बांधणाऱ्याचा नव्हे.

क्षितिजाचंही तसंच आहे. सपाट जागी क्षितिज नेहमी पाहणाऱ्याच्या डोळ्याच्या उंचीला येतं. मित्र समोर उभा असला की क्षितिजाची रेघ त्याच्या डोळ्यांमागून जाते, म्हणून तो आपल्याएवढा वाटतो. लेन्स मावळ्याच्या डोळ्याला आणली की क्षितिज त्याच्याही डोळ्यांमागे येतं, त्याच्या पाठीशी आभाळ येतं आणि तो माणूस होतो. वरून पाहिलं तर त्याच्या पाठीशी जमीन असते, आणि जमिनीवर फणसाची पिकली पानं, कुणाची तरी चप्पल, पाण्याची बादली. खेळण्यांच्या फोटोतली निम्मी कला या एका गोष्टीत आहे, आणि तिला एक पैसा लागत नाही.

पैशाचा मुद्दा मुद्दाम काढला, कारण पुढचा आक्षेप तोच असतो: हे सगळं महागड्या कॅमेऱ्यांचं काम, गरीब पोरांवर अन्याय. मोठ्या कॅमेऱ्यानं खेळण्यांचे फोटो काढायला बसलं की उलटाच अनुभव येतो. लेगोचा बाहुला जेमतेम चार सेंटीमीटरचा. पूर्ण आकाराच्या सेन्सरचा कॅमेरा घेऊन, तो बाहुला चौकटीच्या उंचीचा एक तृतीयांश भाग भरेल इतकं जवळ गेलं, तर लेन्सचं छिद्र एफ चारला ठेवून सुस्पष्ट पट्टा सात मिलिमीटरच्या आसपास मिळतो. नाक स्पष्ट, पाठ धूसर. छिद्र लहान करून एफ अकराला नेलं की तो पट्टा दोन सेंटीमीटरपर्यंत येतो, पण प्रकाश इतका कमी पडतो की तिपाई लागते. त्याहून जास्त हवं असेल तर फोकस थोडाथोडा मागे नेत आठदहा फोटो काढायचे आणि संगणकावर एकत्र जोडायचे. फोनचा सेन्सर नखाएवढा. त्याच लहानपणामुळे तीच चौकट धरली की त्याचा सुस्पष्ट पट्टा कितीतरी खोल असतो. मावळाही नीट येतो आणि मागचा बुरूजही ओळखू येतो. बारक्या वस्तूंसाठी बारका कॅमेरा चांगला, ही गोष्ट दुकानदार सांगणार नाही. फार जवळ गेलं तर फोनचा फोकस लागत नाही, तेव्हा वीतभर मागे सरकायचं आणि नंतर फोटो कातरायचा. फोन विटेच्या तुकड्याला टेकवायचा, दोन सेकंदांचा टायमर लावायचा, आणि बोट मावळ्याच्या डोळ्यावर ठेवून फोकस धरायचा. एक मात्र टाळायचं: माणसांच्या फोटोंसाठी मागचं धूसर करणारी जी सोय फोनमध्ये असते, ती इथं वापरायची नाही. तिला भाला कळत नाही, ती भाल्याचं टोक खाऊन टाकते.

धूसरपणाबद्दल आणखी एक. खऱ्या शहराचा उंचावरून काढलेला फोटो घ्या आणि त्याच्या वरच्या-खालच्या कडा धूसर करा, शहर खेळण्यासारखं दिसायला लागतं. आपला डोळा धूसरपणावरून वस्तू लहान आहे हे ओळखतो. म्हणजे ज्याला फसवायचं असेल त्याला धूसरपणा काढून टाकावा लागेल. त्या मुलीच्या फोटोत मागची डोंगररांग मऊ झाली आहे, पुढचं गवत धूसर आहे, आणि ते गवत अळिवाचं आहे हे कुणालाही दिसतं. खेळणं लपवलेलं नाही.

उजेडाच्या बाबतीत मी स्वतः वर्षानुवर्षं चूक केली. संध्याकाळी पणत्या लागल्या की किल्ला सुंदर दिसतो, म्हणून तेव्हाच फोटो काढायचो, तोही फ्लॅश मारून. महाराजांच्या चेहऱ्यावर तैलरंगाची चकाकी उठायची, मुद्रा पुसली जायची आणि मागे काळोख. बिघडलं कुठं ते फार उशिरा कळलं. ऊन प्रमाण पाळतं. सूर्य इतका लांब आहे की खऱ्या तटाची सावली आणि चार बोटांच्या तटाची सावली, दोन्हींच्या कडा आपापल्या मापात सारख्याच तीक्ष्ण असतात, आणि पुढच्या मावळ्यावरचा आणि मागच्या मावळ्यावरचा उजेडही सारखा असतो. दिवा हातभर अंतरावर ठेवला तर तसं होत नाही. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाईवर येतो, म्हणून पुढचा मावळा पांढराफटक आणि मागचा काळोखात. पणतीची ज्योत तर मावळ्याच्या कमरेपर्यंत येते. त्याच्या जगात ती पणती राहत नाही, वणवा होते. पाणीही लहान होत नाही, त्याचा थेंब थेंबाएवढाच राहतो, म्हणून किल्ल्यातल्या तळ्यात लाटा उठवू नयेत. चित्रपटात लहान प्रतिकृतींचे पूर आणि स्फोट जास्त वेगानं चित्रित करून सावकाश दाखवतात, कारण लहान मापातली पडझड खऱ्यापेक्षा लवकर संपते: प्रतिकृती एकास सोळा असेल तर वेग चौपट ठेवावा लागतो. धुक्याचंही तसंच. खऱ्या डोंगराला निळसर छटा येते ती मधल्या कित्येक किलोमीटर हवेमुळे, आणि अंगणातल्या चार फुटांत तेवढी हवा नसते. पुष्कळ जण त्यासाठी उदबत्तीचा धूर सोडतात. कणकुंबीच्या पोरांना त्याची गरज नव्हती. पावसाळा सरताना इथं सकाळी खरं धुकं असतं आणि मागे खरा डोंगर. त्यांनी फक्त किल्ला अशा जागी बांधला की तो डोंगर पाठीशी यावा. सकाळी आठच्या उन्हात, उजेड परतवायला बाजूला स्टीलचं ताट तिरकं धरून, फोटो झाला.

याला फसवणूक म्हणायचं असेल तर फसवणूक म्हणजे काय ते आधी ठरवू. 1917 साली इंग्लंडमधल्या कॉटिंग्ली गावात दोन मुलींनी कागदाच्या पऱ्या कापून, टोपीच्या पिनांनी गवतात उभ्या करून फोटो काढले. शेरलॉक होम्सचे लेखक आर्थर कॉनन डॉयल यांनी 1920 मध्ये ते फोटो खऱ्या पऱ्यांचे म्हणून जगापुढे मांडले. त्या कागदाच्या होत्या, ही कबुली 1983 मध्ये आली. तिथं खोटं कुठं होतं? कोनात नव्हतं, उजेडात नव्हतं. ‘या खऱ्या आहेत’ या विधानात होतं. आमच्या फोटोखाली ‘इयत्ता सातवीच्या मुलांनी केलेला किल्ला’ असं लिहिलं होतं. यात खोटा शब्द कुठला?

अमेरिकेत मायकेल पॉल स्मिथ नावाचे गृहस्थ होते. एकास चोवीस मापाच्या खेळण्यातल्या मोटारी आणि स्वतः बनवलेली घरं ते एका घडीच्या टेबलावर मांडायचे, ते टेबल खऱ्या रस्त्याच्या कडेला न्यायचे आणि मागची खरी झाडं, खरी घरं जुळतील अशा उंचीवर साधा छोटा कॅमेरा लावायचे. त्यातून एल्गिन पार्क नावाचं न झालेलं गाव उभं राहिलं. टेबलासकट काढलेले फोटोही त्यांनी लोकांना दाखवले. स्लिंकाचू हा ब्रिटिश कलाकार 2006 पासून रेल्वेच्या खेळण्यातली बोटभरही नसलेली माणसं शहरातल्या फटींत, डबक्यांत ठेवून फोटो काढतो, आणि बहुधा दोन काढतो: एक त्या माणसाच्या उंचीवरून, दुसरा लांबून, जिथं तो माणूस शोधावा लागतो. डेव्हिड लेव्हिन्थल यांनी गॅरी ट्रुडो यांच्यासोबत 1977 मध्ये खेळण्यातल्या सैनिकांचे फोटो घेऊन दुसऱ्या महायुद्धातल्या रशियाच्या आघाडीवर अख्खं पुस्तक केलं. त्यातला धूसरपणा मुद्दाम ठेवलेला आहे. आपण युद्ध पाहतोय की युद्धाची आठवण, असा प्रश्न पडावा म्हणून. या कलाकारांवर लबाडीचा आरोप कुणी करत नाही. तो आपण आपल्या बारा वर्षांच्या मुलीवर करतो.

काही जण याला पोरखेळ म्हणून सोडून देतात. त्यांच्यासाठी दादासाहेब फाळक्यांची आठवण पुरेशी आहे. ‘राजा हरिश्चंद्र’ 1913 मध्ये पडद्यावर आला, पण त्याआधी भांडवल मिळवण्यासाठी फाळक्यांनी जे दाखवलं ते होतं कुंडीतल्या वाटाण्याचं रोप, रोज थोडंथोडं चित्रित करून उगवताना दाखवलेलं. पुढे त्यांनी काड्यापेटीतल्या काड्या एकेक फ्रेमला हलवून ‘आगकाड्यांची मौज’ केली. पुढ्यातल्या बारक्या वस्तूकडे डोळा लावून बसणं हे आपल्या सिनेमाच्या पायातलं काम आहे.

लेगोच्या विटांवरही नाराजी होती. शेऱ्यात नव्हती, तोंडी होती: शिवरायांच्या किल्ल्यावर परदेशी प्लास्टिक कशाला? मला हा आक्षेप समजतो. गोकाकची रंगवलेली खेळणी, सावंतवाडीच्या चितार आळीतली लाकडी खेळणी कमी होताना पाहिलं की पोटात तुटतं, आणि पोरांनी मातीची चित्रं विकत घ्यावीत असा माझाही आग्रह आहे. पण सदर बांधताना पोरांनी काय केलं ते बघा. या विटेचं पेटंट 1958 चं, एका उंचवट्यामागे रुंदी आठ मिलिमीटर, उंची नऊ पूर्णांक सहा. त्या विटा एकावर एक सरळ रचल्या तर भिंत उभी चिरते, म्हणून खालच्या सांध्यावर वरची वीट आणायची. जांभ्याचा चिरा रचणारा आमच्याकडचा गवंडी नेमकं हेच करतो, आणि पोरांनी ते त्याच्याचकडून उचललं होतं. प्लास्टिकची अडचण फोटोत वेगळी आहे. ते चकाकतं, त्यावर बोटांचे ठसे दिसतात. पोरांनी ऊन आणि सदर यांच्यामध्ये बटर पेपर धरला, चकाकी मऊ झाली. विटांच्या माथ्यावरचे गोल उंचवटे वरून पाहिलं तर आधी डोळ्यात भरतात, पहारेकऱ्याच्या उंचीवरून पाहिलं तर सदरेचा माथा दिसतच नाही, दिसते ती भिंत. आणि त्या बाहुल्यांचं कायमचं हसू? मुलीनं दोघांनाही पाठमोरं करून घाटाकडे तोंड करून उभं केलं. पाठीवरून पहारा दिसतो.

मापांचा गोंधळ आहे, हे मी मान्य करतो. महाराज मावळ्यांच्या तिप्पट, वाघ हत्तीएवढा, तोफ दरवाजापेक्षा मोठी. बाजारात चित्रं जशी मिळतात तशी पोरं घेतात. पण वरून पाहिलं तर हा गोंधळ उघडा पडतो, आणि खालून पाहिलं तर तो कामाला येतो. मोठं चित्र पुढे, लहान चित्र मागे आणि वर ठेवलं की मधलं अंतर वाढल्यासारखं दिसतं. पायथ्याशी मोठे मावळे, माथ्यावर बारके, ही मांडणी शाळेत कुणी शिकवत नाही, तरी गल्लोगल्ली पोरं ती करतात. त्यांना अंतर कसं दाखवायचं ते कळलेलं असतं.

जिथं खरोखर अडवायला हवं तिथं मी परीक्षकांच्या बाजूचा आहे. मागे दुसऱ्याच डोंगराचं आभाळ चिकटवलं, तर बाद करा. किल्ला मोठ्या माणसांनी बांधला आणि नाव पोरांचं लावलं, तर बाद करा. आता तर शब्द टाइप केले की बुरूज, तोफा, धुकं सगळं तयार चित्र मिळतं, चिखलात हात न घालता. ते स्पर्धेत येऊ लागेल तेव्हा ते ओळखायचं कसं, याचं उत्तरही वरून काढलेल्या फोटोत मिळणार नाही. ते मिळेल अळिवाच्या देठाला चिकटलेल्या तांबड्या मातीच्या कणात, मावळ्याच्या फुटलेल्या कोपरात, पोत्याच्या वर आलेल्या धाग्यात. ते दिसायला जवळ जावं लागतं.

म्हणून यंदाच्या नियमपत्रकासाठी एक विनंती. वरून काढलेला फोटो नको असं मी म्हणत नाही. तो नकाशासारखा उपयोगी आहे, बांधणी किती मोठी आणि काय काय केलं हे त्यातून कळतं. पण त्याच्यासोबत दुसरा फोटो मागवा, मावळ्याच्या उंचीवरून काढलेला, आणि गुण देताना दोन्ही शेजारी ठेवा. दरवाजा पहिल्यात दिसायला हवा, दुसऱ्यात दिसता कामा नये. आणि ज्यांना फोटोवर भरवसा नाही त्यांनी कणकुंबीला यावं. वसुबारसेपासून किल्ला उभा असेल. सकाळी आठच्या आत पोचलात तर धुकं मिळेल. गुडघे दुखत असतील तर पायवाटेच्या तोंडाशी आम्ही कोरडं पोतं अंथरून ठेवू.